लोकसंख्येचे गणित आणि कुलूपबंद घरे

(चाकूर येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंतांच्या सत्काराच्या या कार्यक्रमात आम्हांला गणितावर बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा प्रथम आम्ही थोडे बिचकलो. सत्काराला आलेली मंडळी हार-तुरे पाहण्यास उत्सुक असतात, लॉगटेबल पाहण्यास नव्हे. परंतु आयुष्याची उणीपुरी तीस वर्षे आम्ही खडू हातात धरून काढली आहेत. तेव्हा आज जे बोलू ते त्याच खडूने बोलू. आणि सुरुवात एका पाण्याच्या टाकीपासून करू.

आपल्याच तालुक्यातील एक गाव. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गाव एकच नाही. तेथे नळयोजना झाली, टाकी उभी राहिली, पेढे वाटले गेले. काही वर्षांतच शेवटच्या टोकाच्या वस्तीत नळाला पाणी येईनासे झाले. आयाबाया घागरी घेऊन पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या. ग्रामसभेत तक्रार झाली तेव्हा संबंधित साहेबांनी कागद पुढे केला आणि सांगितले, "टाकी लोकसंख्येप्रमाणे बांधली आहे. हिशेब बरोबर आहे." लोक आमच्याकडे पाहू लागले, कारण गावात गणिताचे मास्तर आम्हीच. आम्ही तो कागद घरी आणला, रात्री कंदिलाशेजारी बसून सारी आकडेमोड तपासली. मित्रहो, हिशेब खरोखरच बरोबर होता! गुणाकारात चूक नव्हती, भागाकारात चूक नव्हती. तरीही वस्तीत पाणी नव्हते. हे कसे? त्या कोड्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांला जे उमगले, तेच आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे.

सवाईचा हिशेब

लोकसंख्या कशी वाढते हे समजण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. आपल्या आजा-पणजांना हे गणित पाठ होते, कारण त्यांनी ते सावकाराच्या ओट्यावर भोगले होते. पेरणीच्या वेळी चार पायल्या ज्वारी उचलली तर सुगीला पाच पायल्या परत करावयाच्या, याला सवाई म्हणत. यंदा फिटली नाही तर पुढच्या वर्षी पाचावर सवाई. म्हणजे चाराचे पाच, पाचाचे सव्वासहा, सव्वासहाचे जवळजवळ पावणेआठ. दरवर्षी एकच पायली वाढली असती तर चाराचे आठ व्हावयास चार वर्षे लागली असती. सवाईवर सवाई चढत गेली म्हणून तीनच वर्षांत कर्ज दुपटीच्या उंबरठ्यावर येऊन बसले. पहिल्या रीतीला गणितात अंकगणिती श्रेढी म्हणतात, दुसरीला भूमितीय श्रेढी. व्यवहारात आपण त्यांनाच सरळव्याज आणि चक्रवाढव्याज म्हणतो.

माणसांची संख्या चक्रवाढीने वाढते, कारण जन्मलेली मुले मोठी होऊन त्यांनाही मुले होतात. व्याजालाच व्याज लागते. इंग्लंडमधील माल्थस यांनी १७९८ साली हीच गोष्ट मांडली आणि जगाला भीती घातली की माणसे भूमितीय श्रेढीने वाढतील व अन्न मात्र अंकगणिती श्रेढीने. त्यांची भीती किती खरी ठरली हा वेगळा विषय आहे. पण वाढीची रीत त्यांनी नेमकी ओळखली होती.

आता प्रश्न असा की, हे कर्ज किती वर्षांत दामदुप्पट होईल? दरवर्षी गुणत बसलो तर उत्तर मिळेल, पण लोकसंख्येचा दर सवाईसारखा मोठा नसतो. तो शेकडा दोन, दीड असा असतो. तीस-चाळीस वेळा गुणाकार कोण करणार? येथेच लॉगॅरिदम आपल्या मदतीला येतो.

विद्यार्थ्यांना लॉग म्हटले की धडकी भरते. वास्तविक कल्पना अगदी सोपी आहे. १० चा दुसरा घात १००, म्हणून १०० चा लॉग २. १० चा तिसरा घात १०००, म्हणून १००० चा लॉग ३. आता १०० ला १००० ने गुणले तर एक लाख होतात, आणि एक लाखाचा लॉग आहे ५, म्हणजे २ अधिक ३. गुणाकाराची बेरीज झाली! स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ साली ही युक्ती जगापुढे ठेवली आणि हेन्री ब्रिग्ज यांनी ती दहाच्या पायावर आणून तिची कोष्टके केली. आमच्या पिढीने तीच कोष्टके परीक्षेत उलटली. आज तुमच्या खिशातील मोबाईलमध्ये ती बसली आहेत, एवढाच फरक.

तेव्हा सवाईचा हिशेब असा. १.२५ चा लॉग ०.०९६९. २ चा लॉग ०.३०१०. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ३.१ येते. सवाईचे कर्ज तीन वर्षे आणि सव्वा महिन्यात दामदुप्पट होते. दर कोणताही असो, २ च्या लॉगला दरवर्षीच्या वाढीच्या लॉगने भागावे, दुपटीचा काळ हाती येतो. घाईत असाल तर ७० ला शेकडा दराने भागा, उत्तर जवळपास तेच येईल.

आपल्या जिल्ह्याचे गणित

आता आपल्या अंगणात येऊ. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला १९८२ साली. १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे १६.७७ लाख माणसे होती. २००१ साली ती २०.८० लाख झाली. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, १.२४ येतात. पाहिलेत का? आपला जिल्हा त्या दहा वर्षांत जवळजवळ सवाई झाला होता! १.२४ चा लॉग ०.०९३४. त्याला दहाने भागले की एका वर्षाचा ०.००९३४. कोष्टकातून उलट पाहिले तर वार्षिक वाढ शेकडा सुमारे २.२ येते. आणि दुपटीचा काळ? ०.३०१० भागिले ०.००९३४, म्हणजे सुमारे ३२ वर्षे.

या दराने २०११ साली जिल्हा किती व्हावयास हवा होता? २०.८० ला १.२४ ने गुणा, २५.७९ लाख. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत मोजले गेले २४.५४ लाख. म्हणजे आमचा लॉगचा अंदाज सव्वा लाखाने जास्त निघाला. आणि गंमत अशी की, ज्याने लॉग वगैरे काही न करता मागील दहा वर्षांची ४.०३ लाखांची वाढ तशीच पुढे मिळविली असती त्याचा अंदाज २४.८३ लाख, म्हणजे आमच्यापेक्षा पुष्कळच जवळ आला असता!

मग लॉग शिकून काय फायदा, असे कोणी म्हणेल. लॉगने चूक केली नाही. जो दर आपण त्याच्या हाती दिला तो दर बदलला होता. २००१ ते २०११ या काळात गुणोत्तर १.२४ वरून १.१८ वर आले. १.१८ चा लॉग ०.०७१९. वार्षिक वाढ शेकडा सुमारे १.७, आणि दुपटीचा काळ ३२ वर्षांवरून ४२ वर्षांवर गेला. दहा वर्षांत दुपटीची मुदत दहा वर्षांनी लांबली. सूत्र आपल्याला एवढेच सांगते की, "हाच दर राहिला तर..." तो "तर" पुसून जो आकडा सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दर कोण ठरवितो?

दर म्हणजे दैव नव्हे. दर माणसे घडवितात. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच घरात आहे.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे होती सुमारे अडीच हजार. १९६१ साली तीच संख्या झाली २७ लाख ८९ हजार. गुणोत्तर अकराशेच्या वर! लॉग घ्या, दहाने भागा, कोष्टक उलटे पाहा. उत्तर येते की ही संख्या दहा वर्षे दरवर्षी दुपटीहून किंचित जास्त होत गेली. एखाद्या कोऱ्या डोळ्यांच्या हिशेबनीसाने हाच दर पुढे चालविला असता तर १९७१ साली एकट्या महाराष्ट्रात ३०० कोटींवर बौद्ध निघाले असते, आणि त्या वेळी साऱ्या पृथ्वीचीच लोकसंख्या होती पावणेचारशे कोटींच्या आसपास. प्रत्यक्षात १९७१ साली ही संख्या होती ३२ लाख ६४ हजार.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले हे येथे बसलेल्या कोणालाही सांगावयास नको. १९६१ चा तो आकडा पाळण्यातून आलेला नव्हता. लाखो माणसांनी विचारपूर्वक घेतलेल्या एका निर्णयाचा तो आकडा होता. चक्रवाढीच्या सूत्राला पाळणा समजतो, माणसाचा निर्णय समजत नाही. पुढे जेव्हा वाढ जन्मावर येऊन ठेपली, तेव्हा दर साधा झाला आणि मग कमीही होत गेला. २००१ साली राज्यात ५८.३९ लाख, २०११ साली ६५.३१ लाख. म्हणजे दहा वर्षांत शेकडा सुमारे १२, त्याच काळात साऱ्या राज्याची वाढ शेकडा १६. अमक्या समाजाची संख्या तमक्या वर्षी एवढी होणार, असे भय घालणारे कागद अधूनमधून हातोहात फिरतात. ते हाती आले की प्रथम दर विचारा, आणि तो दर कोणत्या दोन वर्षांमधला हे विचारा.

जन्माचा दरही निर्णयानेच उतरतो. आम्हां गणितवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे की, महाराष्ट्रात संततिनियमनाचा दिवा प्रथम लावणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे होते आणि ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३४ साली त्या मासिकावर खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. परंतु विधिमंडळाने नाकारलेली गोष्ट पुढे घराघरांतील स्त्रियांनी मंजूर केली. १९९१ साली महाराष्ट्रात शंभरातील ५२ स्त्रिया साक्षर होत्या, २०११ साली ७६ झाल्या. १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे मुलांची सरासरी होती २.८६, आणि २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ झाली. समोर बसलेल्या मुलींनो, लॉगच्या कोष्टकातील तो आकडा तुमच्या आयांनी खाली आणला आहे.

सरासरी दोनच्या खाली आली तरी संख्या लगेच वाढावयाची थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. आज तरुण असलेल्यांची संख्याच मोठी आहे. त्यांना एक-दोन मुले झाली तरी काही काळ घरे भरतच राहतील. म्हणून टाकी, शाळा, दवाखाना यांची गरज उद्याच संपणार नाही.

आणि आकड्याला आणखी एक गोष्ट दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. लातूर आणि उस्मानाबाद मिळून मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्या दशकात एकटा लातूर जिल्हा वर्षाला सरासरी चाळीस हजारांनी वाढत होता. कागदावर ती तूट दोन-तीन महिन्यांत भरून निघते. घरांत ती भरली नाही. म्हणून जिल्ह्याचा आकडा वाचून गावाचे मत बनवू नये. संख्या जितकी लहान, तितकी सूत्राची पकड सैल.

टाकीचे कोडे

आता त्या टाकीकडे परत जाऊ. नळयोजनेचा आराखडा करताना पुढील तीस वर्षांची लोकसंख्या धरण्याची पद्धत आहे. त्यासाठी मागील जनगणनांचे आकडे घेऊन वाढीचा दर काढतात. येथेही तेच केले होते. आम्ही हिशेब तपासला, पण ज्या आकड्यांवर हिशेब उभा होता ते आकडे तपासण्याचे आमच्या ध्यानात आले नाही. एके रात्री एकदम आठवले. २००१ सालच्या फेब्रुवारीत त्या गावात प्रगणक म्हणून घरोघर फिरणारे दुसरे तिसरे कोणी नव्हते. आम्हीच होतो.

शेवटच्या टोकाच्या वस्तीत घरांना कुलपे होती. शेजारच्या म्हातारीला विचारले तर म्हणाली, "कारखान्याला गेलेत गुरुजी, पाडव्याला येतेल." दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या आपल्या भागातून निघतात. बीड जिल्ह्याचे नाव यात पुढे असले तरी लातूर-नांदेडच्या कोरडवाहू गावांतूनही कोयते जातातच. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरेही बरोबर. आम्हां शिक्षकांना हे हजेरीपटावरून ठाऊक असते. नियम असा की, मोजणीच्या साऱ्या काळात जो गावी नाही त्याला तेथे धरावयाचे नाही, तो जेथे असेल तेथे तो मोजला जाईल. आम्ही नियमाप्रमाणे वागलो. कुलूप पाहिले, नोंद केली, पुढे गेलो. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या त्या माणसांपर्यंत तिकडचा प्रगणक पोहोचला की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि पोहोचला असला तरी ती माणसे दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात गेली. पाणी मात्र त्यांना या गावचे प्यावयाचे होते.

आता खडू हाती घेऊ. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. १९९१ साली गावात १,००० माणसे होती आणि सारी मोजली गेली. २००१ साली खरी माणसे १,२४०. पण त्यांपैकी १०० उसाला गेली होती, म्हणून कागदावर आली १,१४०. आपण म्हणाल, शंभरच तर सुटली.

खऱ्या आकड्यांनी दहा वर्षांचे गुणोत्तर १.२४. तीस वर्षांसाठी ते तीनदा गुणावे लागेल. १.२४ चा लॉग ०.०९३४, त्याची तिप्पट ०.२८०२, कोष्टकातून उलट १.९०७. म्हणजे २०३१ साठी अंदाज १,२४० गुणिले १.९०७, सुमारे २,३६४ माणसे.

कागदावरच्या आकड्यांनी गुणोत्तर १.१४. लॉग ०.०५६९, तिप्पट ०.१७०७, उलट १.४८२. म्हणजे १,१४० गुणिले १.४८२, सुमारे १,६८९ माणसे.

वजाबाकी करा. ६७५!

मित्रहो, शंभर माणसे मोजावयाची राहिली आणि तीस वर्षांच्या आराखड्यातून पावणेसातशे माणसे नाहीशी झाली. कारण चूक दोन ठिकाणी शिरली. मुद्दल कमी धरले गेले आणि व्याजाचा दरही कमी धरला गेला. मुद्दलाची चूक वाढून १९१ झाली, बाकीची ४८४ दराने खाल्ली. त्या काळी ग्रामीण योजनेत माणशी दिवसाला ४० लिटर पाणी धरत. ६७५ माणसांचे झाले २७ हजार लिटर, रोजचे. ते पाणी टाकीत कधी चढणारच नव्हते.

कोणी म्हणेल, पुढे दर घटलाच ना? मग खरी संख्या २,३६४ होणार नाही. बरोबर आहे. २००१ नंतरच्या दहा वर्षांत १.१८ धरा आणि पुढे वार्षिक शेकडा १.२ इतका कमी दर धरा. तरी २०२७ पर्यंत १,७७० च्या आसपास माणसे होतात. म्हणजे २०३१ पर्यंत पुरावी म्हणून बांधलेली टाकी तत्पूर्वीच अपुरी पडते. आणि टाकी अपुरी पडली की पाणी सर्वांचे सारखे कमी होत नाही. ते शेवटच्या टोकाचे आधी थांबते. ज्यांच्या घरांना कुलपे होती, ती घरे त्याच टोकाला होती. जे मोजले गेले नाहीत, तेच तहानलेले राहिले. साहेबांचा हिशेब बरोबर होता आणि आमची नोंदही नियमाप्रमाणे होती. सारे बरोबर असून चूक झाली, आणि त्या चुकीत आमचा वाटा आहे हे येथे चारचौघांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

आता काय करावे?

ही जुनी गोष्ट नाही. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. २०११ नंतर देशाची मोजदाद झालेली नाही, आपण सारे अंदाजावर चाललो आहोत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य किती जणांना द्यावयाचे, हे २०११ च्या आकड्यांवर ठरले आहे. लातूर जिल्ह्यात २०२७ साली किती माणसे असतील? जुना १.७ चा दर धरला तर सुमारे ३२ लाख, १.२ चा धरला तर २९.७ लाख. दोन्ही अंदाज लॉगनेच काढले आहेत आणि दोहोंत सव्वादोन लाखांहून जास्त माणसांचा फरक आहे. खरे काय ते मोजल्यावरच कळेल.

त्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविणारी अधिसूचना केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढली आहे. त्याच्या आधीचा महिना कोणता? फेब्रुवारी. आणि फेब्रुवारीत आपल्या टोळ्या कोठे असतात, हे आता तुम्हांला सांगावयास नको.

म्हणून संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना आमची तीन कामांची विनंती आहे.

पहिले काम, वही. दिवाळीनंतर आपल्या गावातून कोणती कुटुंबे उसाला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला गेली, किती माणसे, किती लेकरे, कोणत्या तालुक्यात, हे एका वहीत लिहून काढा. शंभर घरांची वस्ती असेल तर दोन विद्यार्थ्यांचे दोन दिवसांचे काम आहे. ती वही ग्रामसभेपुढे ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करावयास लावा. उद्या योजनेचा आराखडा होईल तेव्हा जनगणनेच्या आकड्याशेजारी हा आकडाही असू द्या.

दुसरे काम, निरोप. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगा की, फडावर प्रगणक आला तर नावे सांगा, आणि आला नाही तर मुकादमाला विचारा. घरातील म्हातारे गावी राहिले असतील तर त्यांची नोंद गावी व्हावी. लहान लेकरांची नावे सांगावयास विसरू नये. झोळीतले मूलही एक माणूस आहे.

तिसरे काम, प्रश्न. कोणत्याही योजनेच्या कागदावर लोकसंख्येचा आकडा दिसला की तीन गोष्टी विचारावयास शिका. मुद्दल कोणत्या वर्षीचे? दर कोणत्या दोन वर्षांमधला? मुदत किती? हे तीन प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही. दहावीचे गणित आणि थोडे धाडस पुरते.

आपल्या आजोबांना सवाईचा हिशेब कळत होता, पण वही सावकाराच्या हाती होती. काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून ते अंगठा उठवीत राहिले. आज तुम्हांला वाचता येते, गुणता येते, लॉग घेता येतो. आता वही तुमच्या हाती घ्या. सूत्र खोटे बोलत नाही, पण त्याच्या हाती जे दिले जाते त्याचीच ते चक्रवाढ करते. त्याच्या हाती खरी संख्या देणे हे आपले काम आहे.

२०२७ च्या फेब्रुवारीत आम्ही प्रगणक नसू, आमचे वय झाले. पण येथे बसलेल्यांपैकी काही जण तोवर शिक्षक झालेले असतील, आणि त्यांच्या हाती ते काम येईल. त्यांना एवढेच सांगणे आहे. घराला कुलूप दिसले तर लगेच पुढे जाऊ नका. शेजारी विचारा, कोठे गेले, किती जण गेले, आणि ते तिकडे मोजले जातील याची चौकशी कोण करणार. आम्ही ते विचारले नव्हते.

 जय भीम.